लघवी काय सांगते, काय सांगत नाही



दिवाळीचा फराळ आता डब्याच्या तळाशी गेला असेल आणि चकलीचा चुराच उरला असेल, असं धरून चालते. गेल्या वेळी मुलांच्या अंगातल्या लोहाबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी कळवलं, "काकू, असंच सोपं लिहीत जा." आजचा विषयही सोपा करून सांगायचा प्रयत्न करते. पण तो लघवीचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरकून घ्या आणि मग वाचा. वाचा मात्र नक्की.

मी मुलांची सर्जन. बडोद्यात माझी निम्मी कारकीर्द मुलांचं मूत्राशय आणि किडनी यांच्यात गेली. आज जिची गोष्ट सांगते आहे, तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून आपणही ताईच म्हणू.

ताई ११ वर्षांची. जन्माला आली तेव्हा पाठीच्या खालच्या टोकाला, माकडहाडाच्या जरा वर, चरबीची एक मऊ गाठ होती. वरून कातडी छान शाबूत, पण आत मणक्यांची कमान मिटलेली नव्हती आणि गाठ थेट मज्जारज्जूला चिकटलेली होती. स्पायना बायफिडाचा हा एक प्रकार. तान्हेपणीच ऑपरेशन झालं. ताई चालते, उजव्या पायात स्प्लिंट घालते, थोडी लंगडते, भरपूर बोलते. पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा नीट काम करत नाहीत. याला न्यूरोजेनिक ब्लॅडर म्हणतात. मूत्राशय जागेवर आहे, स्नायू आहेत, पण त्यांच्यात आणि मेंदूत निरोपांची देवाणघेवाण बिघडलेली आहे.

जुलैमध्ये ती वार्षिक तपासणीला आली. बरोबर आई, बाबा आणि दांडिया बाजारच्या जुन्या घरातून खास आलेल्या आजी. आईने पेढे आणले होते.

"डॉक्टर, ताई कोरडी राहायला लागली. शाळेत डायपर लागत नाही," आई म्हणाली.

बाबांनी फोन पुढे केला. "आणि हे वाचलंत का? आता नुसत्या लघवीच्या नमुन्यावरून मूत्राशयाची अवस्था कळते म्हणे. एनजीएफ का काहीतरी. मग ती नळ्या घालून करायची तपासणी या वर्षी राहू दे ना. पोरगी आदल्या रात्रीपासून रडते."

बाबांचं काही चुकत नव्हतं. स्वतःच्या मुलीला त्या टेबलावर झोपवताना कुठल्या बापाचं पोट तुटत नाही? आणि त्यांनी वाचलं होतं ते खोटंही नव्हतं. तरी पेढा हातात घेताना माझ्या मनात पाल चुकचुकली. का, ते कळायला आधी मूत्राशय समजून घेऊ.

मूत्राशयाची कामं दोन. कमी दाबाने साठवायचं आणि वेळ आली की पूर्ण रिकामं व्हायचं. निरोगी मूत्राशय भरत जातं तसं सैलावत जातं, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. मुलांच्या मूत्राशयात किती मावायला हवं याचा साधा हिशेब आहे: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. ११ वर्षांच्या मुलीचं ३६० मिलिलिटर. नसा बिघडल्या की हे सैलावणं जातं. स्नायू अवेळी आकसतो, काळाच्या ओघात जाड आणि ताठर होतो. त्यातच खालचं दार, म्हणजे लघवी धरून ठेवणारा स्नायू, ऐन वेळी उघडत नाही. मग आत दाब चढतो आणि तो वर किडनीपर्यंत पोचतो. किडनीतून लघवी खाली उतरायला अडथळा होतो, कधी ती उलटी वर चढते. किडनी फुगते, तिथे जंतुसंसर्ग होतो आणि हळूहळू ती निकामी होऊ लागते. हे सगळं मुकाट्याने चालतं. दुखत नाही, ताप येईलच असं नाही. मूल खेळत असतं.

म्हणून कोरडं राहण्याचे दोन अर्थ होतात. मूत्राशय मऊ आहे, मोठं आहे, वेळेवर रिकामं होतं, म्हणून मूल कोरडं. हा आनंदाचा अर्थ. दुसरा अर्थ असा की दार घट्ट झालंय, लघवीला बाहेर वाट नाही, म्हणून मूल कोरडं. कुकर गॅसवर आहे आणि शिट्टी वाजायची थांबली, तर आपण पेढे वाटत नाही, आधी गॅस बंद करतो. गळती त्रासाची असते, कपडे ओले होतात, वास येतो, मुलं चिडवतात. पण काही मुलांत ती शिट्टीचं काम करत असते.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४२ मुलांचा अभ्यास छापला. ज्यांच्या मूत्राशयातून ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाखालीच लघवी गळायला लागायची, त्यांच्या किडन्या बहुतेक सुरक्षित होत्या. ज्यांची त्याहून जास्त दाब झाल्याशिवाय गळायची नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या किडन्या बिघडत होत्या. ४० सेंटिमीटर म्हणजे किती? शाळेच्या मोठ्या फूटपट्टीपेक्षा थोडी उंच, पाण्याने भरलेली एक उभी नळी डोळ्यांसमोर आणा. तिच्या तळाशी जेवढा दाब, तेवढा. एवढासा वाटतो, पण रोज तासन् तास राहिला तर किडनीला जड जातो. हा आकडा आजही आम्ही मुलांच्या डॉक्टरांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

हा दाब मोजायची तपासणी म्हणजे युरोडायनॅमिक्स. लघवीच्या वाटेने एक बारीक नळी मूत्राशयात घालतात, पोटाचा दाब कळावा म्हणून दुसरी गुदद्वारात. मग सलाइन अगदी सावकाश भरत जातात आणि पडद्यावर दाबाची रेघ पाहत राहतात. तास-दीड तास जातो. भूल द्यायची नसते, कारण मूल जागं हवं. दुखतं कमी, पण लाज खूप वाटते. ११ वर्षांच्या मुलीला तर फारच.

आता बाबांच्या फोनमधल्या गोष्टीकडे येऊ.

लघवीवरून रोग ओळखणं आपल्याला नवीन नाही. लघवीला मुंग्या लागल्या की घरातल्या म्हाताऱ्यांना साखरेची शंका यायची. 'मधुमेह' या नावातच ते निरीक्षण आहे. आज मुंग्यांची जागा पट्टीने घेतली. बायोमार्कर म्हणजे अशीच शरीराने मागे ठेवलेली, मोजता येणारी खूण. फरक एवढाच की आता शोधायच्या खुणा साखरेपेक्षा कितीतरी विरळ असतात.

बाबांनी म्हटलेलं एनजीएफ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, नसांची वाढ घडवणारं प्रथिन. त्याची जन्मकथा मोठी सुंदर आहे. इटलीतल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ज्यू होत्या. मुसोलिनीच्या राजवटीत त्यांना विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा त्यांनी तुरीन शहरात घरच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लांच्या नसा अभ्यासल्या. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईसला स्टॅनली कोहेन यांच्यासोबत त्यांनी हे प्रथिन हुडकलं. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. खोली लहान म्हणून काम थांबवायचं नसतं, हे आपल्या घरातल्या मुलींना सांगण्याजोगं आहे.

तर हे एनजीएफ मूत्राशयाच्या भिंतीतही तयार होतं. भिंत सतत ताणली गेली, स्नायू अवेळी आकसत राहिला किंवा तिथे दाह झाला, की ते जास्त बनतं आणि थोडं लघवीत उतरतं. त्याचंच भावंड म्हणावं असं बीडीएनएफ नावाचं प्रथिनही अभ्यासलं जातं. दुसरा गट भिंतीच्या ताठरपणाचा. टीजीएफ-बीटा आणि टिम्प-२ ही नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. मऊ स्नायूच्या जागी चिवट तंतू साठू लागले की या गटातली प्रथिनं वाढू शकतात. तिसरा गट किडनीचा. त्यात एनगॅल नावाचं प्रथिन आहे. किडनीच्या सूक्ष्म नलिकांना इजा झाली की ते लघवीत लवकर दिसतं.

उपचार चालू असताना या खुणा उतरतात का, हा खरा कामाचा प्रश्न. मूत्राशयात बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन दिल्यावर काही रुग्णांच्या लघवीतलं एनजीएफ कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे आशेला जागा आहे. उद्या कदाचित असं होईल की दर तीन महिन्यांनी घरूनच कपभर लघवी पाठवायची, आणि खूण चढलेली दिसली तरच मुलाला नळीच्या तपासणीला बोलवायचं. माझ्यासारख्या डॉक्टरला याहून काय हवं?

पण "आजच नळीऐवजी हे करू" असं मी म्हणू शकले नाही. कारणं बाबांना सांगितली तीच तुम्हाला सांगते.

पहिलं कारण जंतुसंसर्गाचं. वारंवार नळी घालणाऱ्या मुलांच्या लघवीत जंतू बहुतेक वेळा असतातच. ताप, दुखणं, नव्याने सुरू झालेली गळती असं काही नसेल तर आम्ही त्यावर औषधही देत नाही. पण संसर्ग झाला की एनजीएफ चढतं. एनगॅल तर मुळात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतूनही येतं. मग आकडा वाढला तो दाबामुळे की जंतूंमुळे, हे कसं ओळखायचं?

दुसरं कारण हिशेबाचं. मुलाने पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि सगळ्याच गोष्टी विरळ दिसतात. म्हणून प्रथिनाच्या आकड्याला लघवीतल्या क्रिएटिनिनने भागतात. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. ज्या मुलांचे पाय बारीक आहेत, स्नायू कमी आहेत, त्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी. लहान संख्येने भागलं की उत्तर मोठं येतं, हे पाचवीतल्या मुलालाही कळेल. याच कारणामुळे अशा मुलांच्या रक्तातलं क्रिएटिनिनही फसवतं. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' लिहिलेलं असतं आणि किडनी थकलेली असते. शंका असेल तेव्हा आम्ही सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करतो, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

तिसरं कारण असं की कुठल्या आकड्याच्या वर धोका समजायचा, यावर अजून एकमत नाही. नमुना कधी घेतला, किती लवकर गोठवला, कुठलं किट वापरलं, यावरही उत्तर बदलतं. दाबासाठी आपल्याकडे ४० हा आकडा आहे. या प्रथिनांसाठी तसा पक्का आकडा नाही.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ठीक आहे, करा. पण तिला तुम्हीच समजवा."

सोनोग्राफीत डावी किडनी थोडी फुगलेली दिसली. मागच्या वर्षी नव्हती. रक्तातलं क्रिएटिनिन अर्थातच 'नॉर्मल' होतं. मग युरोडायनॅमिक्स. खोलीत ताई, नर्सताई आणि मी. आई दाराबाहेर बसली, कारण ताईनेच तसं सांगितलं. सलाइन थेंब थेंब भरत होतं. १८० मिलिलिटरला दाबाच्या रेघेने ४० ओलांडले. गळती मात्र नाही. आणि घरच्या वहीत तर सकाळच्या नळीला ३०० मिलिलिटर निघाल्याची नोंद होती. म्हणजे रोज रात्री कितीतरी तास हे मूत्राशय कुकरसारखं होत होतं.

मी पडद्याकडे बघत होते. ताई छताकडे बघत म्हणाली, "काकू, मी शाळेत नाही करत."

"कधीपासून बाळा?"

"दिवाळीपासून."

आठ महिने झाले होते. शाळेच्या संडासाची कडी तुटली होती. एकदा बाहेरून कोणीतरी दार ढकललं आणि तिच्या हातातली नळी पाहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबुज. तेव्हापासून ताई सकाळी नळी करून निघायची, ती थेट संध्याकाळी घरी आल्यावर. मधे पाणी प्यायचंच नाही. बाटली तशीच परत न्यायची आणि वाटेतल्या झाडाला ओतायची, म्हणजे आईला कळायला नको. कोरडी राहण्याचं गुपित हे होतं.

आणि यात माझी चूक आहे. दर भेटीत मी विचारायचे, "काय गं, वेळेवर करतेस ना?" शेजारी आई, बाबा, आजी. ती मान डोलवायची, मी पुढच्या पानावर जायचे. मोठ्यांनी भरलेल्या खोलीत ११ वर्षांची मुलगी दुसरं काय करणार? मी एकदाही तिला एकटीला विचारलं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत, जे टाळण्यासाठी ती रडत आली होती त्याच तपासणीत, तिने मला ते आपणहून सांगितलं.

खरं सांगते, एखादी चांगली लघवीची तपासणी हाताशी असती, तर कदाचित मार्चमध्येच आकडा चढलेला दिसला असता आणि चार महिने वाचले असते. म्हणून या संशोधनाची मी वाट बघते. पण त्या आकड्याने एवढंच सांगितलं असतं की मूत्राशयाला त्रास होतोय. तुटलेल्या कडीबद्दल त्याने काही सांगितलं नसतं. ते ताईलाच विचारावं लागलं असतं.

आता नळीबद्दल. अनेक घरांत अजून समज आहे की नळी म्हणजे शेवटचा उपाय, नळी लागली म्हणजे मूल अपंग झालं. उलट आहे. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठातले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दर काही तासांनी स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तर रुग्ण चांगले राहतात. त्या काळी डॉक्टर हादरले, कारण त्यांनी निर्जंतुक हातमोजे वगैरे लागत नाहीत असं सांगितलं. स्वच्छ धुतलेले हात पुरेत. त्यांचा मुद्दा असा होता की मूत्राशय ताणून भरून ठेवणं हेच जंतूंना आमंत्रण आहे. वेळेवर रिकामं करणं हे निर्जंतुक असण्यापेक्षा महत्त्वाचं. तोपर्यंत अशा कितीतरी मुलांना किडनीच्या आजाराने लहानपणीच गमवावं लागे. आज हीच मुलं कॉलेजात जातात, नोकरी करतात, संसार करतात. यात साध्या नळीचा वाटा फार मोठा आहे. दिवसातून चार ते सहा वेळा, दर वेळी पाच मिनिटं. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. स्पायना बायफिडाच्या मुलांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असतो. नळी, हातमोजे, वाढदिवसाचे फुगेसुद्धा लॅटेक्सचे नकोत.

त्या दिवशी तपासणीनंतर मी आधी ताईशी एकटीशी बोलले. काय सांगायचं, कसं सांगायचं, हे तिनेच ठरवलं. मग सगळ्यांना आत बोलावलं. आई रडली. बाबा बराच वेळ गप्प राहिले. आजी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, शाळेत कळलं म्हणजे गावभर होईल हो. उद्या हिच्या लग्नाचं काय? सुनेला मी तेव्हाच सांगत होते, ग्रहणात विळीला हात लावू नकोस."

आईने मान खाली घातली. ११ वर्षं हे वाक्य तिच्या मानेवर होतं, हे मला त्या क्षणी समजलं.

मी आजींजवळ खुर्ची ओढली. म्हटलं, "आजी, बाळाच्या पाठीचा कणा मिटतो तो गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत. तेव्हा तर तुमच्या सुनेला दिवस गेलेत हेही कळलं नसेल. ग्रहणाचा, विळीचा याच्याशी काही संबंध नाही. हिने काही चुकवलेलं नाही." आजी काही बोलल्या नाहीत. पण जाताना त्यांनी सुनेच्या हातातली फाइल स्वतःच्या हातात घेतली.

उपचार असे ठरले. ऑक्सिब्युटिनिन हे मूत्राशय सैल करणारं औषध ताई आधीपासून घेत होतीच. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, घाम कमी येतो, त्यामुळे आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात जपावं लागतं. डोस आणखी वाढवण्यापेक्षा भूल देऊन दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनमची इंजेक्शनं दिली. ज्या मुलांना गोळ्यांनी पुरेसा गुण येत नाही किंवा त्या सोसत नाहीत, अशा ५ वर्षांवरच्या मुलांसाठी अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. त्याचा परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावी लागतात. वाढत्या वयात मज्जारज्जू पुन्हा खाली ओढला जात नाही ना, हे बघायला एमआरआय केला. तो ठीक निघाला. पोट साफ ठेवायला आहार आणि औषध दिलं, कारण भरलेलं आतडं मूत्राशयालाही सुखाने राहू देत नाही.

आणि कडी? बाबा शाळेत गेले. वर्गाच्या बेननी सगळं ऐकून घेतलं आणि शिक्षकांच्या संडासाची एक किल्ली ताईला देऊन टाकली. कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. दुपारच्या सुट्टीत ताई पाच मिनिटं जाते आणि येते. पाण्याची बाटली आता रिकामी घरी येते, आणि झाडालाही पाणी मिळत नाही.

सप्टेंबरअखेर पुन्हा तपासणी केली. या वेळी ताई रडली नाही. ३०० मिलिलिटरपर्यंत दाब २० च्या आत राहिला. डाव्या किडनीची सूज उतरली. हे कायमचं नाही, दर काही महिन्यांनी बघत राहावं लागेल, हे तिलाही ठाऊक आहे.

नवरात्रात ती गरब्याला गेली. आईने चणियाचोळीच्या आत एक खिसा शिवला, त्यात नळी आणि छोटी सॅनिटायझरची बाटली. मैदानावरच्या संडासाचा भरवसा नाही, म्हणून जवळच्या ओळखीच्यांच्या घरी साडेनऊला एक फेरी ठरली. सोबतीला कोण गेलं, सांगा बघू? आजी.

आता तुम्हा तरुण वाचकांसाठी दोन गोष्टी, आणि मग थांबते.

ज्यांचं नुकतंच लग्न झालंय किंवा बाळाचा विचार चाललाय, त्यांनी हे जरूर वाचा. १९९१ मध्ये ७ देशांतल्या ३३ केंद्रांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. ज्या स्त्रियांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इतर स्त्रियांसाठी रोज ०.४ मिलिग्रॅमचा सल्ला दिला जातो, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून पहिले १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. दिवस गेल्याचं कळल्यावर सुरू केलं तर पहिले २८ दिवस बहुधा निघून गेलेले असतात. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा घरात असं बाळ झालं असेल, तर डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि गोळी घेऊनही काही बाळं अशी जन्मतात, तेव्हा आईला दोष द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट वर्गातल्या मित्रमैत्रिणींसाठी. कोणी मधल्या सुट्टीत एकटं संडासात जात असेल, जास्त वेळ लावत असेल, तर दार ढकलू नका. बाहेर उभं राहून दार धरा. कडी तुटलेली दिसली तर शाळेत सांगा. एवढ्याशा गोष्टीने कुणाची किडनी वाचते, हे मी या वर्षी डोळ्यांनी पाहिलं.

मीही माझी पद्धत बदलली आहे. आता दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाशी मी पाच मिनिटं एकटीने बोलते. आईबाबा दाराबाहेर. सुरुवातीला काही पालकांना राग येतो, मग येत नाही.

ताईने परवा विचारलं, "काकू, ती कपातली तपासणी आली की पहिला कप माझा घ्याल ना?" मी हो म्हटलंय. तोपर्यंत दुपारच्या सुट्टीतली फेरी चुकवायची नाही, असं आमचं ठरलंय.

पुढच्या महिन्यात भेटू. थंडी वाढतेय, मुलांना पाणी प्यायची आठवण करत राहा.

तुमची,
डॉक्टरकाकू